सकाळचा अर्धा फूट

"यांच्या हातात मोजमाप दिलं की असंच होणार."

साहेब हे मला म्हणाले नाहीत. माझ्यासमोर अप्पांना म्हणाले, आणि माझी वही खाचरातल्या चिखलात टाकली. मी ती उचलली. सदऱ्याला पुसली.

साहेब पुण्याचे. निरनिराळ्या शास्त्रांत खोली कशी मोजतात आणि मोजताना चूक कुठून शिरते, यावर त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध चालला होता. मुळशीतल्या आमच्या गावी उताराला त्यांनी विहिरीसारखे अरुंद खड्डे खणून घेतले होते. मी सातवी पास, म्हणून आकड्यांचं काम मला. शिसं बांधलेला अंबाडीचा दोर खड्ड्यात सोडायचा, शिसं पाण्याला टेकलं की गाठी मोजायच्या. दर फुटाला एक गाठ. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

एकाच खड्ड्याचं पाणी सकाळी साडेपंधरा फुटांवर, दुपारी पंधरावर. रोज. साहेब म्हणत, तू सकाळी झोपेत मोजतोस. मी दोन-दोनदा मोजलं. आकडा हलेना.

साहेब अप्पांकडे उतरले होते. अप्पा गावातले मोठे जमीनवाले. संध्याकाळी मी दोर त्यांच्या ओटीखालच्या दगडावर ठेवायचा. अप्पा त्यावर दोन तांबे पाणी ओतायचे, मगच उचलायचे.

"पानी मारल्याबिगर आत घ्यायचा न्हाई," ते हसत म्हणायचे, "साहेबांच्या इद्येला इटाळ व्हईल."

साहेबही हसायचे. एकदा मीही हसलो होतो. ते अजून सलतं.

चिखलातली वही पुसताना मला तो तांब्या आठवला. भिजला की दोर आखडतो, गाठी जवळ येतात, आकडा वाढतो. उन्हात सुकला, वजनानं ताणला की परत येतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोर वळतात. हा दोरही माझ्या बापानं वळलेला. तरी इतके दिवस मी माझाच हात तपासत बसलो होतो.

दुसऱ्या सकाळी ओलसर दोर जमिनीवर ताणला, फूटपट्टी लावली. दहा फुटांच्या गाठी, आणि भरले नऊ फूट आठ इंच. साहेबांनी स्वतः मोजून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कारण बरोबर आहे. पण हे प्रबंधात कसं लिहू? मदतनीस अप्रशिक्षित, एवढंच लिहितो. तुझं नाव कुठे येतंय?"

"पानी कुनी मारलं, कशापायी मारलं, ते लिवा," मी म्हणालो. "तवर दोर धरनार न्हाई."

"तू मला प्रबंध शिकवतोस?"

मी दोर गुंडाळला. दगडावर ठेवला नाही. पायऱ्या चढून ओटीच्या मधोमध ठेवला. अप्पा तांब्या घेऊन उठले. मी तोवर खाली उतरलो होतो.

त्या प्रबंधात मी अप्रशिक्षित असेन. वही माझ्या घरात आहे, चिखलाच्या डागासकट. अठरा दिवसांचे आकडे. प्रत्येक सकाळच्या आकड्यापुढे एकच शेरा: चूक दोर शुद्ध केल्याची. माझ्या दोन्ही मुलींकडून मी तो वाचून घेतला आहे.

हात चुकला असं यापुढे कुणी म्हणालं, तर मी वही पुसत बसणार नाही. त्याला आधी दोर मोजायला लावीन.