मायची ओळ

साखरखेर्ड्याच्या शिवारात बीटी कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट होते, तेव्हा पंचफुलाच्या हाताचं नाव होतं. संध्याकाळी न उमललेल्या कळीच्या पाकळ्या आणि परागकोश नखानं सोलायचे, मधली नाजूक काडी जपायची, खुणेला लाल दोरा बांधायचा आणि सकाळी त्या काडीवर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. तिची कळी सहसा गळत नसे. “पंचीसारखा हात नाही,” असं तिची माय रुखमाबाई बायांना सांगायची. मायकडून तिला मिळालेलं तेवढंच एक कौतुक.

एका साली महालक्ष्म्यांच्या सणाला धाकटी बहीण काजल पुण्याहून आली. प्रयोगशाळेतली एक निकामी चिप तिनं डबीतून आणली होती, नखाएवढी.

“यावर बारीक खड्डे आहेत, माय. एका खड्ड्यात एकच पेशी बसते. खाली उजेड टिपणारे डोळे. पेशीत काही हललं की उजेड बदलतो.”

“एकटीचंच पाह्यता?”

“एकटीचंच. घोळक्यात कोणाचं काय चाललंय ते कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर माय चिपचंच सांगत राहिली. पंचफुलाच्या हाताचा विषय निघाला नाही.

संध्याकाळी काजल मायच्या ओळीत शिरली. “माय, मी करून पाहू?”

“पाह्य ना. चिपवाली तू, तुले कळी काय जड हाये?”

बाया हसल्या, काजलही हसली. तिचं नख खोल जात होतं, मधली काडी चिरत होतं. शेजारच्या ओळीतून पंचफुलाला ते स्वच्छ दिसत होतं. एक शब्द पुरला असता. ती आपला दोरा बांधत राहिली. ओळ गळू दे, मग कळेल सगळ्यांना.

काजल पुण्याला परतली आणि ओळ गळली. प्लॉट सांभाळणारा इंद्रभान मातीत पडलेल्या लाल दोऱ्यांपाशी थांबला.

“हे कोणाचं काम?”

पंचफुलानं तोंड उघडलं, पण माय आधी बोलली. “माहंच, भाऊ. डोयाले दिसत नाही आता.”

“मंग उद्यापासून नोका येऊ, मावशी.”

“हाव.”

घरी जाताना पंचफुला म्हणाली, “काजलनं केलं ते. तुले मालूम होतं.”

“सणाले आलेल्या लेकीचं नाव काऊन घेऊ?” माय चालत राहिली. “तू तं बाजूलेच होती नं, पंचे?”

लहानपणी पंचफुलाच्या हातून बशी फुटली होती, तेव्हा मायनं ते गल्लीभर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मायची ओळ पंचफुलाकडे आली. तिची एकही कळी गळली नाही. बायांना ते सांगायला माय मात्र तिथं नव्हती.