कडेला जाड राहिलेला धातू

आमच्या लॅबमध्ये धातू जितका पातळ होतो, तितके किस्से फुगत जातात. मी रोह्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. रोज पेणहून गाडीने येतो. कासू स्टेशन गेलं की कालचा किस्सा आठवून एकटाच हसतो. शेजारचे आता जागा बदलून बसतात!

आधी काम सांगतो. आमच्या मॅडम आणि त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी शबाना बिस्मथ नावाचा धातू वितळवून दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये दाबतात. चकत्यांना आतून अस्तर असतं, ते थराला चिकटून राहतं आणि हवा लागू देत नाही. थर एखाद-दुसऱ्या अणूइतका पातळ व्हायला हवा. तेवढा झाला की धातू आपला नेहमीचा स्वभाव सोडतो, वीजसुद्धा वेगळ्याच तऱ्हेने वाहून नेतो.

एकदा प्राचार्य बघायला आले. चष्मा पुसला, चकती उजेडात धरली, उलटी केली.

"धातू कुठाय?"

"आहे ना सर," शबाना म्हणाली.

"मला तर काहीच दिसत नाही!"

"सर, दिसला असता तर आमचं चुकलं असतं!"

सर चहासुद्धा न घेता गेले.

दसऱ्याला मी चकत्या दाबायच्या प्रेसची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली शबानाला भलामोठा पिवळा डोंगर दिसला. "मॅडम, काहीतरी नवीन सापडलंय!" मॅडमनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नवीन नाही. हळद आहे!" तेव्हापासून पूजा दाराच्या चौकटीची.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. शबानाला धीर नाही. "नीट पसरलाय का ते तरी बघू," म्हणून ती अस्तर उचकटायची आणि हवा लागून थर खराब व्हायचा. तीन नमुने असे गेले. मुंबईच्या मोठ्या मायक्रोस्कोपवर कितीतरी महिन्यांनी एकच दिवस मिळालेला आणि चकत्यांची एकच जोडी उरलेली. ही गेली की प्रबंध वर्षभर लांबला. पोरगी डबा समोर ठेवून रडली.

रविवारी मी तिला घरी घेऊन आलो. आई पोह्याचे पापड लाटत होती, दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये. शबाना शेजारी बसली आणि सवयीने वरचा कागद उचलायला गेली. आईने हातावर चापट मारली.

"अगो, सारखं उघडून काय बगतेस? कागदात हाय तवर नीट हाय. ऱ्हाऊ दे तसाच!"

शबाना हात चोळत बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

शेवटचा नमुना तिने उघडलाच नाही. अस्तरासकट मुंबईला नेला. थर शाबूत निघाला! मॅडमनी आख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

परवा आई रोह्याला आली होती, तिला लॅब दाखवली. शबानाने स्क्रीनवर मोठा करून फोटो लावला.

"मावशी, हा बघा आपला धातू. याहून पातळ होतच नाही!"

आईने पदराने चष्मा पुसून पाहिलं.

"बरा झालाय गो. पन कडंला जाड हाय. मधीच जोर दिलास."

मॅडम हसल्या. मग त्यांनी मुंबईहून आलेले जाडीचे आकडे काढले. मधले बघितले, कडेचे बघितले, पुन्हा मधले बघितले. हसणं थांबलं. त्यांनी स्वतः स्टूल ओढून आईसमोर ठेवलं.

"मावशी, मग दाबायचं कसं?"

आई ऐसपैस बसली.

"बाय, पयलं हात धुवून ये."