शेवटच्या दोघींत नाव

टेलरबाईंचं दुकान जिन्याखाली होतं. आत एक मशीन, एक इस्त्री, एक स्टूल आणि आरसा. गिऱ्हाइकाला स्वतःला पूर्ण बघायचं तर चार पावलं मागे सरून फुटपाथवर उभं राहावं लागे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, काजं-बटणं, असली दुरुस्तीची कामं. हे झालं पोटापुरतं. जीव अडकलेला होता तो नाटकात. हौशी मंडळात त्यांनी बाविसाव्या वर्षी पहिली म्हातारी केली आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांना कुणी तरुण होऊच दिलं नाही. "आता कुठे मी भूमिकेच्या वयाला पोचलेय," असं त्या हसत म्हणायच्या.

मंडळातली एक मैत्रीण रंगमंचावर कधी त्यांची मुलगी झाली होती, कधी सून. लहानखुरी आणि अखंड बडबडी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. पुढे ती एका चित्रपट कंपनीत कलाकार निवडायच्या कामाला लागली. एका दुपारी तिचा फोन आला.

"अगं, सिनेमात एक शिंपीण आहे. विधवा. मुख्य भूमिका! तुझ्याशिवाय आहे कोण?"

टेलरबाईंच्या हातातली टाचणी बोटात घुसली, तरी त्या हसत होत्या.

पहिल्या ऑडिशनला पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून चार वाक्यं म्हटली. दुसऱ्या वेळी त्यांनी शिवून दाखवलं: सुई कशी गळपट्टीला टोचून ठेवतात, दोरा कसा दातांनी तोडतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर कसा येतो. तिसऱ्या वेळी कॅमेऱ्याच्या मागून चिमणी हळूच म्हणाली, "ते पँटचं कर ना."

टेलरबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. ही गोष्ट त्यांनी चिमणीशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याने एक पँट खालून दुमडून द्यायला महिनाभर सांगितलं होतं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती राहून गेली, आणि तो गेला. स्मशानातून आलेली माणसं आपापल्या घरी परतल्यावर दार लावून त्यांनी ती पँट घेतली, त्याच्या मापाने दुमडली, एकेक टाका घालून पुरी केली आणि घडी करून कपाटात ठेवली.

"ते घरचं आहे गं," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर! एकदाच. माझ्यासाठी."

त्यांनी करून दाखवलं. आठवड्याभरात चिमणीचा फोन आला: "शॉर्टलिस्ट झालीस! शेवटच्या दोघींत आहेस. दोन महिने मोकळे ठेव, आणि केसांना रंग लावू नकोस."

लेकीने गल्लीभर बातमी केली. टेलरबाईंनी शाळेच्या गणवेशांचं वर्षाचं काम सोडलं. मंडळाने पहिल्यांदाच त्यांना नायिका दिली होती, तीही सोडली. "तारखा जुळायच्या नाहीत," असं सांगताना त्यांना थोडा तोराही आला होता, हे त्या पुढे स्वतःच कबूल करायच्या.

चौथ्यांदा बोलावलं, ते सुई-दोरा घेऊन या असं सांगून. खोलीत एक नावाजलेली नटी बसली होती. ती चटकन उठली, दोन्ही हातांनी त्यांचे हात धरून म्हणाली, "ताई, तुमची सगळी रेकॉर्डिंग्ज मी दहा-दहा वेळा पाहिलीत. तो पँटचा प्रसंग तर लेखकाने जसाच्या तसा घेतलाय. फक्त माझा टाका काही जमत नाही. शिकवाल?"

"तुमची निवड कधी झाली?" टेलरबाईंनी विचारलं.

"सही होऊन तर चार महिने झाले."

चार महिन्यांपूर्वी चिमणीचा पहिला फोनसुद्धा आला नव्हता.

त्या नटीचा राग करणं त्यांना जमलं नाही. तिला बिचारीला काही ठाऊकच नव्हतं. सुई कशी धरायची तेवढं दाखवलं आणि त्या बाहेर आल्या. चिमणी कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती.

"शॉर्टलिस्ट म्हणजे काय गं?"

चिमणीने कप खाली ठेवला. "अगं, मोठी नटी ऐनवेळी फिरली तर हाताशी कुणीतरी लागतं. आणि तिला संदर्भ हवा होता, बघून शिकायला. सगळीकडे असंच चालतं."

"मग तेव्हाच सांगायचंस. शिकवायला मी आले असते."

"सांगितलं असतं तर तू ते तसं केलं असतंस?"

टेलरबाई म्हणाल्या, "ह्यांची पँट तेवढी काढून टाक त्यातून."

"दिग्दर्शकांचा तोच प्रसंग सगळ्यात आवडता आहे. पण तुझं नाव टाकू ना आम्ही. आभारांत."

"नको," एवढंच म्हणून त्या जिना उतरल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, असं त्यांना वाटलं. आणि कापणारीला तर ते केस विंचरण्याइतकं साधं वाटत होतं.

सिनेमा आला, गाजला. त्या गेल्या नाहीत. लेक गेली, आणि परत येऊन बराच वेळ दारातच उभी राहिली.

"आई, ते बाबांचं होतं ना, आपल्या कपाटातल्या पँटचं? मला कधी सांगितलं नाहीस. परक्या बाईकडून कळलं मला."

नटीचं, सिनेमाचं दुःख पुढे निवलं; हे निवलं नाही.

मंडळात त्यांना पुन्हा म्हाताऱ्या मिळू लागल्या. दोन वर्षांनी तालमीला एक नवी मुलगी धावतच आली. "मी शॉर्टलिस्ट झाले! शेवटच्या तिघींत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टेलरबाईंनीही. मग तिला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "नोकरी सोडू नकोस. कुणाची सही आधीच झालीय का, ते तोंडावर विचार. आणि आपल्या घरातलं तिथे काही करून दाखवू नकोस."

मुलीचा चेहरा उतरला. त्यांची पाठ वळताच ती मैत्रिणीला म्हणाली, "जळते म्हातारी."

टेलरबाईंनी ते ऐकलं आणि आपली जागा घेऊन पहिलं वाक्य म्हटलं.