नारळ लालबागला, बाबा विमानात

गेल्या शनिवारी सकाळी विमानाचं दार लागलं आणि आमचे बाबा उठून उभे राहिले. मला उतरायचंय, म्हणाले. विमान अजून जागचं हललं नव्हतं, एवढंच काय ते नशीब...

आम्ही दोघंच बंगळुरूला निघालो होतो. संध्याकाळी माझ्या भावाच्या लेकीचं बारसं होतं, म्हणजे मी आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा, आणि त्यावरून मी महिनाभर ऑफिसात सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून त्यांनी आम्हाला वाढवलं, कोणाच्या बापाला घाबरले नाहीत. विमानात मात्र पहिल्यांदाच बसले होते.

घोळ असा झाला... आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष देवाला सांगतो, आम्ही असे असे निघालोय, सांभाळून ने... आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं.

त्या दिवशी कॅब पंधरा मिनिटं आधीच आली. ड्रायव्हरचे फोनवर फोन, त्यात मीच बाबांच्या मागे चला चला लावलं. नारळ लालबागच्या घरी पाटावर तसाच राहिला, आणि हे बाबांना नेमकं दार लागल्यावर आठवलं.

गाऱ्हाण्याशिवाय मी जाणार नाही, एकच हेका. एका हाताने मात्र पुढची सीट घट्ट धरली होती. भीती वाटतेय हे ते कधी कबूल करायचे नाहीत, त्यामुळे सगळं खापर बिचाऱ्या नारळावर.

एअर होस्टेस गुणी मुलगी. तिने शांतपणे सांगितलं की उतरता येईल, पण तुमच्या बॅगा शोधून खाली काढाव्या लागतील, पुन्हा तपासणी होईल, सगळ्यांनाच उशीर होईल. बाबांना एकटं सोडणं शक्य नव्हतं, म्हणजे मलाही उतरणं आलं. संपलं माझं बारसं.

मागून कोणीतरी च्यक च्यक केलं. लाजेने माझे कान गरम झाले. रागही आला... आधी बाबांचा, मग स्वतःचा.

मी म्हटलं, बाबा, इथेच घाला ना गाऱ्हाणं. त्यांनी हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटेना. मग काय झालं माहीत नाही, मीच उभी राहिले. आमच्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"बा देवा महाराजा... तुझी लेकरां आज नातीच्या बारशाक चाललीत."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला पुढचं काही आठवेना. तेवढ्यात तीन-चार रांगा मागून एक भरदार आवाज आला... "होय महाराजा!"

काय सांगू, अंगावर काटा आला. माझी जीभच सुटली. नारळ घराक रवलो, तां मनात धरू नको, म्हटलं... होय महाराजा! आता दोन-तीन आवाज. ह्या इमानातल्या सगळ्यांका सुखरूप पोचव, म्हटलं... आणि या खेपेला अर्धं विमान. च्यक च्यकवालेसुद्धा. सगळ्यात मोठा आवाज आमच्या बाबांचा.

एअर होस्टेसने हसत विचारलं, काका, उतरायचंय का? बाबा तोवर बसून बेल्टशी झटापट करत होते.

"आता कशाक? गाऱ्हाणां झालां मां."

टेक-ऑफला पठ्ठ्या खिडकीला नाक लावून बसला होता. आणि संध्याकाळी मी बाळाच्या कानात असं काही कुर्र केलं की ती दचकून रडायलाच लागली.

मंगळवारी घरी परतलो. नारळ पाटावर वाट बघतच होता. सुखरूप आलो हे देवाला सांगायचं म्हणून मी सवयीने मागे जाऊन उभी राहिले, तर बाबांनी नारळ उचलून माझ्या हातात दिला. आतापासून तूच घाल, म्हणाले. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

तीन-चार रांगा मागच्या दादा, तुमचा चेहरासुद्धा मी पाहिला नाही. पण घरी घातलेल्या त्या गाऱ्हाण्यात तुमच्यासाठीही मागितलं. नाव माहीत नव्हतं, म्हणून देवाला म्हटलं, तो विमानात मागे बसलेला, पहिला आवाज देणारा... त्याचंही सगळं चांगलं कर.

आणि बाबा म्हणाले, होय महाराजा.