सव्वा मूठ गहू

कानबाईचा मला भयंकर राग आला होता. आमच्या खान्देशात श्रावणात घरोघरी ती बसते, नथ घातलेल्या नारळाच्या रूपात. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे आणि दळायचे. सासरे, नवरा, दीर, दोन्ही मुलं, सगळ्यांच्या मुठी मी एरंडोलच्या घरी वर्षानुवर्षं मोजल्या. माझ्या नावाची मूठ कधीच नव्हती. आणि मागच्या श्रावणाआधी जळगावला माझा डावा स्तन काढावा लागला. हेच का दळणाचं फळ, असं मी तिला मनातल्या मनात विचारत होते.

दुखणं सोसवत नव्हतं. काखेपासून दंडापर्यंत आग. डॉक्टरीणबाईंनी नीट बजावलं होतं: दोन प्रकारच्या साध्या गोळ्या आलटून पालटून, घड्याळ लावून घ्या, पोटात काहीतरी घालून घ्या, दुखायची वाट बघू नका. जोराची गोळी अगदीच असह्य झालं तरच, तीही थोडे दिवस. ती घेतली की मी सुन्न पडून राहायचे, पोट साफ व्हायचं नाही, मुलं काय बोलतायत ते कळायचं नाही. मोठ्या हिकमतीने मी ती बंद केली होती. काखेखाली उशी घेऊन, घड्याळाकडे डोळे लावून निभावत होते. भेटायला येणाऱ्या बायकांना मात्र यात काही विशेष दिसायचंच नाही. एक म्हणायची, बाईच्या जातीनं सोसावं, देवीची परीक्षा आहे. दुसरी म्हणायची, कशाला जिवाला त्रास, जोराचीच घे आणि झोप. माझं दुखणं, आणि अक्कल सगळ्यांची!

कानबाई बसली त्या दिवशी नैवेद्याला उशीर झाला. माझ्या गोळीची वेळ टळून गेली, पण उपाशीपोटी घेता येईना. मी भाकरीचा तुकडा मागितला तर सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्य व्हवा बिगर तोंड खरकटं करानं नै. थोडा दम धर, मायनं नाव ले." मी दम धरला. कळ वाढत गेली. कपाटातली जोराची गोळी डोळ्यांसमोर नाचू लागली. चौरंगासमोर बसून मी देवीकडे बघत होते आणि संतापाने रडत होते. तुझ्या नावाखाली मला पुन्हा त्या गुंगीत ढकलणार आहेस का, असं तिला विचारत होते.

दर्शनाला आलेल्या बायकांत शिरपूरकडची वाटावी अशी एक म्हातारी होती. ती माझ्याजवळ टेकली. "काय व्हयनं व माय?" मी सांगितलं. तिने उठून सरळ नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी मोडली. सगळ्या आ वासून बघत राहिल्या. "ले, खाई ले. कानबाई बी बाईच शे, तिले समजत नै का?" मी खाल्लं, गोळी घेतली, उशी काखेत धरून पडून राहिले. हळूहळू कळ ओसरली. कपाट उघडावं लागलं नाही. ती कोणाची पाहुणी, हे नंतर कोणालाच सांगता येईना. शेजारणींना वाटलं आमची, आम्हाला वाटलं शेजारणींची. मी त्याचा कीस काढत नाही. मला वेळेवर घास मिळाला, एवढं खरं.

देवीला शरण जायचं म्हणजे दात आवळून सोसायचं, असंच मला लहानपणापासून शिकवलं होतं. आता मला त्या शिकवणुकीचाच राग येतो. पुढे आलेला घास मुकाट्याने घेणं, गोळी वेळेवर घेणं, उरलेलं तिच्यावर सोडणं, हीसुद्धा शरणागतीच. कानबाईवरचा माझा राग त्या पुरणपोळीबरोबर गेला. माणसांवरचा अजून थोडा शिल्लक आहे.

यंदा गहू मोजताना सगळ्या पुरुषांची नावं झाली. मग मी डाव्या हाताने, आता तो उचलता येतो, आणखी एक मूठ सुपात घातली. सासूबाईंनी विचारलं, "हाई कोनी?"

"मनी," मी म्हटलं. माझी.

त्यांनी पोत्यात हात घालून चिमूटभर गहू काढले आणि माझ्या मुठीवर टाकले.

"सव्वा पायजे," म्हणाल्या. "नुसती मूठ चालत नै."