गुळगुळीत लादी

अकरा महिन्यांच्या घरात कुणी लाद्या लावतं का? वैजयंताला हे सगळ्यांनी विचारून झालं. नवऱ्यानं, म्हणजे आत्मारामनं विचारलं, समोरच्या गुजराती बेननं विचारलं, सातवीतल्या लेकीनं, पायलनंसुद्धा विचारलं. करार अकरा महिन्यांचा, त्यातले चार सरलेले. पुढं मालकाची मर्जी. सहा वर्षांत हे पाचवं घर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण विंचवाला गॅसचा सिलेंडर आणि सासऱ्याची खाट न्यावी लागत नाही.

वैजयंता मीरा रोडच्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. दहा वर्षं झाली होती. दिवसभर उभं राहायचं, पेशंटचं हगणंमुतणं काढायचं, वर तीनदा फिनेल टाकून लादी पुसायची. ती लादी अशी चमकायची की वरची ट्यूबलाइट खाली दिसावी. आणि घरी यावं तर भाइंदरच्या जेसल पार्कातला हा तळमजला. खाली खाडी बुजवून केलेली भरणी, त्यामुळे जमीन बसलेली. लाद्या कुठं खचलेल्या, कुठं फुटून कडा वर आलेल्या. कितीही घासा, काळ्या त्या काळ्याच. दुसऱ्याची फरशी चमकवून हाताची सालं निघाली, एकदा आपल्याही पायाखाली चमकणारी यावी, एवढंच तिचं म्हणणं. आता यात काय चुकलं बाईचं?

भाइंदर स्टेशनजवळच्या दुकानात तिला त्या स्टिकरवाल्या लाद्या दिसल्या. फूटभर चौकोन, गुलाबीसर, संगमरवरासारख्या रेषा. मागचा कागद सोलायचा आणि दाबायचं. मिस्त्री नको, धूळ नको, घर सोडताना उपटून टाका, असं दुकानदारानं हिंदीतून पटवलं. स्वस्त माल होता, हे तिलाही कळत होतं. तरी घेतल्या. शनिवारी आत्मारामनं कुरकुरत खड्डे सिमेंटनं भरले, आणि रविवारी मायलेकींनी गुडघ्यांवर बसून बाहेरची खोली भरून टाकली. संध्याकाळी बेन बघायला आली आणि चपला बाहेर काढून आत शिरली. आजवर ती चपलांसकट यायची. वैजयंताला त्या दिवशी पाय दुखत असल्याचंही भान नव्हतं.

सासऱ्यांनी, नानासाहेबांनी, खाटेवरून वाकून लादीवरून तळहात फिरवला. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेलेले. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. "लई गुळगुळीत झाली," असं म्हणाले आणि हसले. झालं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

या नानांचं एक होतं. नव्या घरात आले की आठ दिवस अनवाणी फेऱ्या मारायचे, आणि मग त्यांना कुणाची गरज लागायची नाही. भिंत धरून जावं तर कपाट, ट्रंका, पाण्याचं पिंप, सगळं भिंतीलाच लावलेलं. म्हणून ते पायांनी घर पाठ करायचे. दुपारी घरात चिटपाखरू नसायचं. नाना एकटे उठायचे, संडासला जाऊन यायचे, पाणी प्यायचे, रेडिओ लावायचे. त्या जोरावर तर वैजयंताची नोकरी चालली होती. ज्या दिवशी मला हात धरून न्यावं लागेल त्या दिवशी परभणीला पोचवून द्या, असं ते दर घरात एकदा बजावून ठेवायचे. आणि परभणीत होतं कोण? पडकं घर आणि त्याला कुलूप.

सोमवारी ती कामावरून आली तर नानांच्या उशाचा तांब्या तसाच भरलेला. मंगळवारीही तसाच. सकाळचा चहा त्यांनी दोन घोट घेऊन बाजूला सारला. वैजयंताला वाटलं, लाद्या लावताना आपल्याला विचारलं नाही म्हणून म्हातारा रुसलाय. तिनंही मग भांडी जरा आपटली. दिवसभर राबून यायचं आणि वर घरातल्यांचे रुसवे काढायचे, एवढी ताकद कुणात असते?

बुधवारी नर्सिंग होममध्ये मांडीचं हाड मोडलेली एक आजी होती. पाण्याचा ग्लास सकाळपासून भरलेला. वैजयंताला कारण विचारावं लागलं नाही. लघवीचं भांडं मागायची लाज वाटते म्हणून पाणीच तोडणारी माणसं तिनं पोत्यानं पाहिली होती. ती नेहमीसारखी रागवायला लागली, आजी, पाणी प्या, आम्ही कशाला आहोत इथं, आणि बोलता बोलताच तिची जीभ अडकली. घरी नानांच्या उशाशी भरलेला तांब्या तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं आला.

घरी आली तेव्हा नाना सकाळी बसले होते तिथंच होते. ओठ सुकलेले. नडगीवर ट्रंकेच्या कोपऱ्याचा काळानिळा डाग. दोन दिवस तो धोतराखाली लपला होता.

"नाना, पाणी का पीत नाही तुम्ही?"

नानांनी तळपाय लादीवर घासला. मग हळूच म्हणाले, "डोळे गेले तव्हा पाय होते, माय. खाटेखाली फुटकी कड लागायची, चार पावलांवर खड्डा, तिथून उजवीकडं संडासाचा उंबरा. आता समदं सारखंच लागतंय. पायबी आंधळे झाले."

वैजयंता खाली बसून लादीची कड चाचपू लागली.

"काढू नको," नाना म्हणाले. "तुझी हौस हाय. मला गावाकडं पोचवा."

तिला राग आला. नानांचा आला, तोंड शिवून बसले म्हणून. त्याहून जास्त स्वतःचा आला. परक्यांची लघवी हिला न सांगता कळते, आणि घरातलं माणूस तीन दिवस कोरड्या घशानं बसलं ते कळलं नाही. रडूही आलं, आणि खोटं कशाला सांगा, त्यातलं निम्मं त्या लादीसाठी होतं. तीनच दिवस चमकली होती बिचारी.

तिनं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि खाटेपासची पहिली लादी उचकटली. भरणीच्या ओलीनं ती आधीच सुटत आली होती. दुसरी फाटली. तिसरीनं नख मोडलं. खाटेपासून सरळ चार पावलं, मग उजवीकडं उंबऱ्यापर्यंत, एवढी एक ओळ तिनं खरवडून काढली. मधे काळपट पट्टा उरला, डिंकानं चिकचिकणारा, दोन्ही बाजूंना लाद्यांच्या कडा. पायल शाळेतून आली आणि दप्तर पाठीवर तसंच घेऊन दारात थांबली.

"नाना, उतरा," वैजयंता म्हणाली. "दोन्हीकडं कड लागतीय बघा."

नानांनी पाय टेकवला. अंगठा डावीकडं घासला, मग उजवीकडं. निघाले. वळणावर थांबले, चाचपलं, वळले. उंबरा ओलांडून आत गेले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. वैजयंता तशीच उकिडवी बसून होती, हातात उलथनं.

परत आले तसा त्यांनी उशाचा तांब्या उचलला आणि न थांबता रिकामा केला.

"चहा टाक, माय," म्हणाले. "भरून कप दे."

वैजयंताला उठवत नव्हतं. तरी ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं.