मालूचा धवला, स्पीकरवर

ओवे गावात लग्न निघालं की मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला मालूच हवी. नवरीचं नाव गुंफून ती असा सूर लावायची की वऱ्हाडी बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. मग तिचा एकुलता एक हितेश डंपरखाली गेला आणि मालूचा आवाज बसला तो बसलाच. नणंद हौसा दहाव्यालाच म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरी नांदायला लावल्या, सोताचा पोर खाल्ला."

दोन वर्षं मालू मुकी. शेवटी सुकापूरला हार्डवेअरच्या दुकानावर प्रार्थनेची खोली आहे, तिथं जाऊन बसू लागली. कुणी गा म्हणालं नाही. तिथली मनिषाताई नुसती शेजारी बसायची, रडू द्यायची. अकराव्या रविवारी सूर निघाला. चाल धवल्याचीच, नाव येशूचं. तेव्हापासून पोर गेलेल्या आयांकडे मालू जाऊन बसते.

हौसाला नकलेला आयतंच मिळालं. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, मान डुलतेय, "हाल्लेलूया गो बाय, बोंबील ताजा हाय." बायका हसून लोळायच्या.

मग हौसाच्याच लेकीचं, समृद्धीचं लग्न ठरलं. भाचीचा धवला आपण म्हणावा, एवढीच मालूची आस. हौसाचा निरोप आला, "वयनी, मांडवाच्या भायेर बस. धवल्याची सोय केलीय."

सोय म्हणजे स्पीकर. त्यातून आवाज आला तो मालूचाच. गावातल्या भावनाच्या लग्नात हितेशनं मोबाइलवर भरून आत्याला धाडलेला. बाहेर खुर्चीत मालू गोठली. नवरीच्या नावाची ओळ आली, "भावना माझी लाडाची..."

"पोरगी बदलली का काय?" नवऱ्याकडचे खिदळले. समृद्धी रडायला लागली. स्पीकर बंद करायला कुणाला जमेना, तोवर त्यातून हितेश बोलला, "आये, पानी पी. मंग पुढचं."

शेवटी कुणीतरी वायरच उपटली. हौसा बाहेर आली. "आतमदी ये. पन येशूचं नाव काढलंस तर हात धरून भायेर काढीन."

 "आदी पानी दे," मालू म्हणाली.

पाणी पिऊन ती आत गेली. गळा पहिल्या ओळीला चिरकला, दुसरीला लागला. येशूचं नाव तिनं मनातच घेतलं. धवल्यात समृद्धीचं नाव गुंफलं आणि मागोमाग तिच्या आईचं, हौसाचं. हौसानं पदर डोळ्यांना लावला. नाक पुसलं आणि वाढप्याला सांगितलं, "वयनीचं ताट भायेर."

बाहेर वड्यांचं ताट मांडीवर घेऊन मालूनं डोळे मिटले. प्रार्थनेत पहिलं नाव हौसाचं घेतलं. घेताना दात आवळले, पण घेतलं. मग हाक मारली, "हौसा, हितेशचं तेवढं माझ्या मोबाइलवर टाक गो."

"बगू," हौसा म्हणाली. "नेट असलं तर."